स्टिमाच यांची पाच वर्षे

१९९८च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातील बचावपटू इगोर स्टिमाच मे २०१९मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. २०२३ हे त्यांचे सर्वोत्तम वर्ष. इंफाळ, भुवनेश्वर आणि बेंगळुरू येथील तिन्ही स्पर्धा भारताने जिंकल्या, फिफा क्रमवारीत पहिल्या शंभरांत स्थान मिळवले. पण खरा वाद सुरू होता तो खेळाडूंच्या उपलब्धतेचा. स्टिमाच यांना मोठ्या स्पर्धांपूर्वी दीर्घ शिबिर हवे होते. इंडियन सुपर लीगचे क्लब खेळाडू सोडायला नाखूश. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्यामुळे अपुऱ्या तयारीचा संघ उतरला आणि चीनकडून १-५ असा हरला. ही जबाबदारी एकट्या प्रशिक्षकावर टाकणे अन्यायाचे आहे.

जानेवारी २०२४मधील आशियाई चषकाचे मात्र समर्थन करता येत नाही : तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ असे हरवले. जूनमध्ये दोह्यात कतारला वादग्रस्त गोल बहाल झाला. विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली. काही दिवसांतच महासंघाने, २०२६पर्यंतचा करार असताना, त्यांना हटवले. जागी एफसी गोवाचे मानोलो मार्केझ आले, क्लबची जबाबदारीही कायम ठेवून.