उजळलेली पेशी आणि व्याधिक्षमत्वाचा पुरावा

गुळवेलीच्या कल्पांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या तेजाने चमकणाऱ्या श्वेतपेशींची छायाचित्रे दिसू लागली आहेत. खाली लिहिलेले असते : व्याधिक्षमत्व वाढल्याचा शास्त्रीय पुरावा. वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी हे चित्र नेमके काय सांगते ते समजून घेतल्यावाचून ते दवाखान्यात लावू नये, असे आमचे मत आहे.

तंत्र जुने व भरवशाचे आहे. 1941 साली हार्वर्ड येथे आल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडले, आणि प्रतिपिंड जेथे चिकटेल ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली उजळू लागली. श्वेतपेशीतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर याच रीतीने शोधतात. मात्र ते पेशीच्या आतील कणिकांत असते. म्हणून पेशी आधी स्थिर करावी लागते, तिचे आवरण सच्छिद्र करावे लागते, तेव्हाच प्रतिपिंड आत शिरतो. अर्थात चमकते ती मृत पेशी. विकर तेथे होते एवढेच त्यावरून कळते. ते कार्य करीत होते की नाही, हे कळत नाही.

हा भेद शाब्दिक नव्हे. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात श्वेतपेशीत मायलोपेरॉक्सिडेज असते, परंतु त्यास लागणारे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करणारी यंत्रणा निकामी असते. चूल आहे, सरपण नाही. प्रतिपिंड लावल्यास अशी पेशी उत्तम उजळेल, आणि मूल मात्र गळवांनी व न्यूमोनियाने जर्जर होईल. उलटपक्षी हे विकर जन्मतः कमी असणाऱ्या बहुतेक व्यक्ती निरोगी आयुष्य जगतात. सर्व शरीरे व्याधिक्षमत्वाच्या बाबतीत सारखी समर्थ नसतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातच सांगितले आहे. ते सामर्थ्य एका विकराच्या चकाकीने कसे मोजावे?

दुसरी अडचण आपल्या द्रव्यांचीच आहे. ज्यांच्या फार्मसीत टी.एल.सी.ची तबकडी 366 नॅनोमीटरच्या दिव्याखाली पाहिली जाते, त्यांना दारुहरिद्रेतील बर्बेरिनचा पिवळा प्रकाश परिचित आहे. गुळवेलीतही त्याच वर्गातील अल्कलॉइडे आहेत. हळदीतील कर्क्युमिनची चकाकी तर प्रयोगशाळेतील नेहमीच्या हिरव्या रंगद्रव्याच्या चकाकीत मिसळून जाते. पेशी औषधाने उजळली की प्रतिपिंडाने, हे ठरवायचे तर औषध दिलेल्या पण प्रतिपिंड न लावलेल्या पेशींचे चित्र शेजारी हवे. निर्मात्यांनी प्रयोगशाळेकडे ते मागावे. अर्क जंतूंच्या विषांशापासून, म्हणजे एंडोटॉक्सिनपासून, मुक्त होता काय, हेही विचारावे. कारण तो विषांश एकटाच श्वेतपेशींना चेतवू शकतो आणि श्रेय वनस्पतीला मिळते.

असे प्रश्न विचारणे म्हणजे आयुर्वेदाशी द्रोह, असे मानणारे काही बंधू आहेत. त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आठवावे. अवरोधजन्य कावीळ झालेल्या 30 रुग्णांवरील त्यांचा गुळवेलीचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. त्यात श्वेतपेशी जंतू किती गिळतात आणि किती मारतात हे मोजले होते, आणि जोडीला रुग्णांपैकी किती वाचले हेही. पुरावा म्हणावा तो याला.

चमकत्या पेशीचा खरा उपयोग निदानात आहे, आणि तो कैनाडच्या पाड्यावरील वैद्यासही हवा. ज्या बालकास वारंवार खोल गळवे होतात, गाठी पिकतात, बी.सी.जी. टोचल्यावर काखेतील गाठ चिघळते, त्यास गुळवेलसत्त्व देत महिने दवडू नयेत. परळ येथे केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत जिवंत श्वेतपेशीची परीक्षा होते. तेथे प्रतिपिंड नसून डी.एच.आर. नावाचे द्रव्य वापरतात, आणि पेशीने प्रत्यक्ष कार्य केले तरच ते चमकते. रक्त ताजे लागते. तेव्हा नमुना पाठविण्यापेक्षा चिठ्ठी देऊन मुलासच डहाणू रोडहून मुंबईस धाडावे, आणि चिठ्ठीत आपण दिलेल्या औषधांची नावे व मात्रा स्पष्ट लिहाव्यात.