मोकळ्या वाटेचा संशय

गेल्या हिंवाळ्यांत तालुक्याच्या कबड्डी-सामन्यांत आमचा संघ हरला, तेव्हां कांहीं पालकांनीं आमच्याकडे एका मुलाविषयीं तक्रार केली. उजव्या कोपऱ्यावरचा हा मुलगा उतावळा आहे, त्याच्या उडीनें सामना गेला, असें त्यांचें म्हणणें होतें. सामना त्या उडीनें गेला हें खरें. परंतु ती उडी आम्हींच त्याला शिकविली होती. "दिसला पाय कीं घाल झडप" हा आमचा रोजचा घोष! तेव्हां दोष कोणाच्या पदरीं घालावयाचा हें ठरविण्यापूर्वीं, त्या दिवशीं काय घडलें तें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रतिपक्षाचा चढाई करणारा गडी मोठा धूर्त होता. तो निदान रेषा ओलांडून येई, डावा पाय किंचित् मागें रेंगाळूं देई, आणि कोणी हालला नाहीं तर मुकाट्यानें परत जाई. दोनदां असें झालें. तिसऱ्या वेळीं त्यानें तो पाय इतक्या निष्काळजीपणें पसरला, कीं आमच्या गड्यास मोह आवरला नाहीं. त्यानें घोट्यावर झेप घेतली. पण शरीराचा सारा भार दुसऱ्या पायावर असल्यामुळें हा पाय तत्क्षणीं उचलला गेला. आमच्या गड्याच्या पाठीवर हात टेकला, कोपरा रिकामा पडला, तो झांकण्यास शेजारचा धांवला आणि तोहि बाद झाला. पुढें लोण चढण्यास वेळ लागला नाहीं.

अमेरिकेंत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात, त्यांत हीच युक्ति शास्त्र म्हणून शिकविली जाते. (तो आपल्या फुटबॉलाहून अगदीं निराळा, त्यांत चेंडू हातीं घेऊन धांवतात व अंगानें अंग अडवितात. २०१२ सालीं भारतांत त्याची एक स्पर्धा निघाली व तींत पुण्याच्या नांवाचाहि एक संघ होता; पण तें रोप येथें रुजलें नाहीं.) ह्या युक्तीचें नांवच मुळीं 'ट्रॅप', म्हणजे सापळा. दोन्ही पक्षांचे धिप्पाड गडी समोरासमोर वांकून उभे असतात. चेंडू हालतांच समोरचा आपल्याला अडवील, अशी बचाव करणाऱ्याची अपेक्षा असते. सापळ्याच्या डावांत समोरचा त्याला अडवीतच नाहीं. बाजूस सरकून तो दुसऱ्याच कोणावर जातो. ह्याला वाटतें, वाट मोकळी झाली! हा आवेशानें आंत घुसतो. तेवढ्यांत रांगेच्या दुसऱ्या बाजूनें एक गडी आडवा धांवत येऊन ह्याच्या कुशीवर धडकतो, आणि चेंडूवाला ह्यानेंच सोडलेल्या जागेंतून पार निघून जातो. बचाव करणारा जितका वेगवान्, तितका हा डाव साधण्यास सोपा.

ह्यावरील उपाय आम्हांस फार मोलाचा वाटतो, कारण त्यानें मुलगा भित्रा होत नाहीं. दृष्टि चेंडूवर न ठेवतां समोरच्याच्या मस्तकावर व खांद्यावर ठेवावयाची. तो न अडवितां आंतल्या बाजूस गेला, कीं एका पावलांत थांबावयाचें व त्याच्या मागोमाग तिकडेच सरकावयाचें, म्हणजे मधली फट बुजते. मग बाजूनें येणारा दिसतोच. त्याची वाट पाहत ताठ उभें राहूं नये; त्याच्याहून खालीं वांकून खांद्यानें त्यालाच गांठावें. हें सारें क्षणार्धांत व्हावयाचें, म्हणून तें व्याख्यानानें येत नाहीं. प्रथम चालत, मग अर्ध्या वेगानें, शेवटीं पुऱ्या वेगानें, असें पुनःपुन्हां करवून घ्यावें लागतें.

आमच्या चांदूरच्या काळ्या मातीवर ह्याचा अर्थ एवढाच, कीं कोपऱ्यावरच्या मुलानें चढाई करणाऱ्याच्या हातांकडे पाहूं नये. हात फसवितात, कंबर सहसा फसवीत नाहीं. ज्या पायावर भार आहे तोच पाय धरावा. आणि शेजाऱ्यानें त्याच्यामागून न धांवतां त्याच्याबरोबर सरकावें. साखळी ती हीच.

"थांबावयास शिकविलें तर पोरांचा जोम मरतो," असें एक वडीलधारे गृहस्थ आम्हांस म्हणाले. त्यांच्याविषयीं आदर ठेवूनहि आम्हांस हें पटत नाहीं. यहोशवाच्या पुस्तकांतील आय नगराचे लोक भ्याड नव्हते. पूर्वीं एकदां जिंकल्यामुळेंच ते पळणाऱ्या इस्राएलाच्या पाठीस लागले, वेशी उघड्या टाकल्या, आणि दडून बसलेल्यांनीं मागें नगर घेतलें. शिवाय अवेळीं घेतलेल्या झेपेंत हनुवटी दुसऱ्याच्या टांचेवर आपटते. दांत पडतो तो आमच्या विद्यार्थ्याचा. कबड्डीचे नियमहि संयमी पकडीचा मान राखतात: मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां पकड साधली, तर एक गुण अधिक मिळतो.

अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें. १९३६ सालीं त्याच्या चमूनें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. एवढें विद्यापीठ बडनेऱ्यापलीकडे असतां आमच्या मुलांनीं पकड अंदाजानें शिकावी, हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. दिवाळीच्या सुटींत बचावाचे चार गडी तेथें पाठवावे, अशी आमची सूचना आहे. पालकवर्गानें भाड्याचे पैसे द्यावे. आणि सामन्याच्या वेळीं केवळ चढाईलाच टाळ्या देऊं नयेत.

परवां सरावांत तोच मुलगा पुन्हां उजव्या कोपऱ्यावर उभा होता. समोरच्यानें पाय रेंगाळविला. हा हालला नाहीं. पाय आणखी लांबला. हा अर्धें पाऊल सरकला, शेजाऱ्याचा हात सोडला नाहीं. दम संपत आला तसा तो गडी रिकाम्या हातीं परतला. कुंपणावरून कोणी तरी ओरडलें, "अबे, धर ना!" टाळी कोणीच वाजविली नाहीं. आम्हीं आमच्या वहींत त्या मुलाच्या नांवापुढें एक खूण केली.