सर आहेत ना!

तर झालं असं, गेल्या रविवारी नगरला ताईकडे गेलो होतो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीतून उतरताना तोंडात अजून नगरच येतं.) अकरा वर्षांच्या भाच्याला क्रिकेट क्लबात घालायचं ठरलंय. फॉर्म माझ्या हातात आला. नाव, जन्मतारीख, रक्तगट, फी, टी-शर्टचं माप, सगळं होतं. मी सहज विचारलं, "ताई, तिथं याला काही त्रास झाला तर यानं सांगायचं कुणाला?"

"म्हणजे काय? सर आहेत ना!"

"आणि त्रास सरांचाच असला तर?"

ताईनं असं बघितलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरलो होतो.

तिची चूक नाही. आपल्या जिल्ह्यानं श्रीरामपूरचा झहीर खान दिला, संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे दिला. पोराला पहाटे मैदानावर सोडणाऱ्या प्रत्येक बापाच्या डोळ्यात ही दोन नावं असतात. आणि त्या स्वप्नाची किल्ली सरांच्या खिशात. संघात कोण, ओपनिंगला कोण, निवड चाचणीला कुणाचं नाव पाठवायचं, सगळं तेच ठरवणार. मग तक्रारही त्यांच्याकडेच? आमच्या धंद्यात कोड लिहिणाऱ्यालाच 'सगळं ठीक आहे' असा शेरा मारू देत नाहीत. तो चोर असतो म्हणून नव्हे, माणूस असतो म्हणून.

एक जुनी गोष्ट सांगतो. मी बारा वर्षांचा असताना आमच्या सरांनी एका मुलाला कॅच सोडला म्हणून स्टंपनं पोटऱ्यांवर मारलं होतं. आम्ही वीसेक पोरं बघत होतो. दोन-तीन पालकही होते. "सर कडक आहेत, म्हणून तर पोरं घडतात," असं कुणीतरी म्हणालं. तो मुलगा पुढच्या आठवड्यापासून आलाच नाही. त्याच्या जागी संघात मला घेतलं आणि मी खूश झालो. हे आज लिहिताना लाज वाटते. त्यानं सांगायचं ठरवलं असतं, तर कुणाला सांगणार होता?

हा झाला मार. याहून वाईटही घडतं. हरियाणात ऑगस्ट १९९० मध्ये चौदा वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीनं राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. अध्यक्ष स्वतः बडा पोलीस अधिकारी. मुलीला शाळेतून काढलं गेलं, तिच्या भावावर चोरीचे खटले लागले. १९९३ मध्ये तिनं आत्महत्या केली. तो अधिकारी दोषी ठरला डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे तब्बल १९ वर्षांनी. शिक्षा सहा महिने आणि एक हजार रुपये दंड! (अपिलात ती वाढून दीड वर्ष झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोष कायम ठेवला, पण भोगलेल्या शिक्षेवर सोडलं.)

आता कायदा बदललाय. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात मुलामुलींत फरक नाही, अठराच्या आतलं प्रत्येक मूल त्यात येतं. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. म्हणजे 'क्लबाचं नाव खराब होईल, आपसात मिटवू' हा मार्ग कायद्यानं बंद आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते आपण पाहिलं. चिमुरड्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा सरकार हललं, आणि सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी असे आदेश निघाले. पण ते शाळांसाठी. मैदान भाड्यानं घेऊन जाळी लावणाऱ्या क्लबाला कोण विचारणार? आपणच.

यावर भावोजींचं म्हणणं, "असं संशयानं बघितलं तर चांगली माणसं पोरांना शिकवायला येतील का?" मुद्दा खोटा नाही. तुटपुंज्या पैशांत उन्हात उभे राहणारे किती तरी सर मी पाहिलेत. पण नियम असले की उलट त्यांचंच रक्षण होतं. कुणी एकटा मुलाबरोबर बंद खोलीत जायचंच नाही, हे ठरलेलं असेल तर कुजबुजीला जागाच उरत नाही.

इंग्लंडमध्ये क्रिकेट क्लबात मुलांच्या सुरक्षेसाठी एक वेगळा माणूस नेमतात. आपल्याला इतकं तरी जमेल: तक्रार ऐकायला प्रशिक्षक नसलेली एक व्यक्ती, शक्यतो एखादी आई. तिचं नाव, नंबर आणि १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन फलकावर. सरांचे निरोप पालकांच्या ग्रुपवर, मुलाला वेगळा मेसेज नाही. बाहेरगावच्या मॅचला दोन मोठी माणसं, आणि खोल्या वेगळ्या. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही. यात खर्च शून्य.

आणि कडक म्हणजे काय, तेही आपल्याच आश्वीच्या माणसाकडून शिकावं. सप्टेंबर २०२२, दुलीप ट्रॉफीची फायनल. २६५ धावा काढलेला यशस्वी जैस्वाल समोरच्या फलंदाजाला सारखा डिवचत होता. कप्तान रहाणेनं त्याला मैदानाबाहेर पाठवलं. सर्वांत मोठी खेळी त्याची होती, तरी पाठवलं. स्टंप उचलावा लागला नाही.

असो. संध्याकाळी ताई म्हणाली, "सरांना मी विचारते. पण ती दुसरी व्यक्ती व्हायला कोण तयार होणार?" थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "मीच होते."

निघताना भाच्याला सांगितलं, "'घरी सांगू नकोस' असं कुणीही म्हटलं, की ती गोष्ट घरी पहिली सांगायची."

तो विचारात पडला. "मामा, शून्यावर आऊट झालो, तरी सांगायचं?"

तेव्हा लक्षात आलं, मैदानावरून आल्यावर या घरात पहिला प्रश्न असतो, 'किती रन काढले?' पोरं गोष्टी लपवायला तिथूनच शिकतात. आधी तो प्रश्न बदलायला हवा. बघा पटतंय का.