विजेचे बिल आणि आईचा दमा

गेल्या पंधरवड्यात चिकलठाण्यातील एक गृहस्थ वृद्ध आईला घेऊन दवाखान्यात आले. आईंना जुना दमा आहे. तपासणी आटोपल्यावर त्यांनी खिशातून विजेचे बिल काढले. "डॉक्टर, वीजकेंद्रांच्या धुराचे नियम सैल झाले, वीज स्वस्त होणार, असे वाचले होते. बिल काही उतरले नाही. मग आईच्या छातीला मात्र त्रास वाढायचा का?"

प्रश्न रास्त होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कोळशात थोडे गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हा वायू पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे शांतपणे नाकाने श्वास घेताना त्याचा बराचसा भाग नाकातील ओलाव्यातच अडतो. जिना चढताना किंवा ओझे उचलताना आपण तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि तो थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. निरोगी माणसाला कदाचित घसा खवखवण्यापलीकडे काही जाणवत नाही. दमेकऱ्याच्या नलिका मात्र काही मिनिटांतच आकसतात.

हा वायू धुराड्यातच अडवता येतो. चुनखडीच्या निवळीतून धूर नेला की गंधक जिप्समच्या रूपाने बाहेर पडते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2015 मध्ये औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा ठरवून दिल्या आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत दिली. ही मुदत पुढे वारंवार वाढत गेली. अखेर जुलै 2025 मध्ये देशातील सुमारे 78 टक्के संचांना गंधकाच्या या मर्यादेतून सूट मिळाली. धुराड्याच्या उंचीची अट तेवढी राहिली. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून 10 किलोमीटरच्या आतील केंद्रांना डिसेंबर 2027 अखेरपर्यंत यंत्रणा बसवायची आहे. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित क्षेत्रांजवळील केंद्रांचा निर्णय प्रत्येक प्रकरण तपासून व्हायचा आहे. आपल्या मराठवाड्यातील परळी हे काही दहा लाखांचे शहर नव्हे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. भारतीय कोळशात गंधक कमी असते आणि बहुतेक ठिकाणी हवेतील या वायूचे प्रमाण मर्यादेत आढळते, असे तिचे म्हणणे आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. हा वायू हवेत वायूच राहत नाही. त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. उंच धुराडे गंधक नाहीसे करत नाही, ते दूरवर पसरवते. या पीएम 2.5 कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेली मर्यादा केवळ 5 आहे.

आता बिल. ही यंत्रणा बसवण्याचा खर्च 'कायद्यातील बदल' म्हणून वीजदरातून वसूल करण्याची वाट 2018 मध्येच मोकळी झाली होती. सूट मिळाल्यावर युनिटमागे 25 ते 30 पैसे वाचतील, असा अंदाज मांडला गेला. परंतु बहुतेक केंद्रांत यंत्रणा बसलीच नव्हती. म्हणजे वाचली ती प्रामुख्याने होऊ घातलेली वाढ. चालू बिल उतरणार कसे? महिन्याला 150 युनिट वापरणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम फार तर 45 रुपये होते. दम्याचा एक पंप याहून कितीतरी महाग पडतो. हे 45 रुपये मी आनंदाने दिले असते. अर्थात, ज्या घरात महिनाअखेर दहा-दहा रुपये मोजावे लागतात, तिथे हे वाक्य जपून बोलावे लागते. शिवाय बिल भरणारे आपण एकीकडे, आणि राख व धूर सोसणारे परळी-चंद्रपूरचे लोक दुसरीकडे, ही विषमता मला अधिक बोचते.

तरीही त्या आईंच्या खोकल्याचा सारा दोष दूरच्या धुराड्याला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चिकलठाण्यात औष्णिक केंद्र नाही. औद्योगिक वसाहतीतील मालमोटारींचा धूर, रस्त्याची धूळ, पेटवलेला कचरा आणि घरातील उदबत्ती हे आपल्या उशाशी आहेत. थंडीत पहाटेची हवा जड असते. दमेकऱ्यांनी फिरणे ऊन पडल्यावर ठेवावे. साधा रुमाल सूक्ष्म कण अडवत नाही. एन-95 मास्क ते अडवतो, पण वायूपुढे तोही निरुपयोगी. आणि बरे वाटते म्हणून प्रतिबंधक पंप परस्पर बंद करू नये.

त्या आईंना पंप माझ्यासमोर घ्यायला सांगितला. निम्मे औषध जिभेवरच राहत होते. स्पेसर लिहून दिला असून, पुढच्या वेळी येताना दोन्ही सोबत आणायला सांगितले आहे.