मुलाला मधुमेह आहे, म्हणून आईने शाळेच्या गेटपाशी बसायचं?

मुलाला टाइप 1 मधुमेह असल्याचं कळलं की आईवडील आधी हादरतात, मग इंजेक्शन द्यायला शिकतात, हळूहळू सावरतात. मूल पुन्हा शाळेत जायला लागतं आणि तिथे त्यांना ऐकावं लागतं, "आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. मधल्या सुट्टीत तुम्हीच येऊन इंजेक्शन देत जा." या एका वाक्यापायी नोकरी सोडलेल्या आया मी पाहिल्या आहेत. नोकरी सोडावी लागते ती बहुतेक वेळा आईलाच, हेही लक्षात घ्या. माझं स्पष्ट मत आहे की शाळेचं हे वागणं चुकीचं आहे आणि मुलासाठी धोक्याचंही.

आधी आजार समजून घेऊ. टाइप 1 मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हा आजार जास्त गोड खाल्ल्याने किंवा लाड केल्याने होत नाही. शेजारी बसणाऱ्या मुलाला तो लागत नाही. गोळ्या, काढे, कारल्याचा रस यांनी भागत नाही. इन्सुलिन घ्यावंच लागतं. टोरांटोमध्ये 1922 साली एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आता ती व्यवस्थित जगतात, शिकतात, खेळतात. अट एकच, इन्सुलिन आणि खाणं वेळेवर हवं.

अशा बहुतेक मुलांना रोज चार-पाच इंजेक्शनं लागतात. त्यातलं एखादं शाळेच्या वेळेतच येतं. ते चुकलं तर साखर चढते. मूल सारखं पाणी पितं, सारखं लघवीला जातं. "पुन्हा कशाला?" म्हणून बाई त्याला खाली बसवतात. इन्सुलिन वारंवार चुकत गेलं तर रक्तात आम्ल साठून मूल आयसीयूत पोहोचतं.

शाळेतली खरी तातडीची वेळ मात्र साखर उतरण्याची. रक्तातली साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की मूल घामाघूम होतं, हात थरथरतात, चिडचिड होते, फळ्यावरचं समजेनासं होतं. पीटीच्या तासानंतर हे जास्त घडतं. उपाय कोणालाही जमेल असा आहे. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. मुलाला एकट्याला ऑफिसात किंवा घरी पाठवू नका. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा.

आता सांगा, यात शाळेला न झेपणारं काय आहे? "तासाला खायचं नाही, घंटा होऊ दे" ही शिस्त इतर मुलांसाठी ठीक आहे. उतरणारी साखर घंटेची वाट पाहत नाही.

"सुई पाहून बाकीची मुलं घाबरतील," असं म्हणतात. पेनाची सुई जेमतेम 4 मिलिमीटरची असते. एकदा वर्गात नीट समजावून सांगितलं की मुलं घाबरत नाहीत, उलट सांभाळून घेतात. मुलाला इंजेक्शनसाठी संडासात पाठवणं मात्र अस्वच्छ आहेच, शिवाय आपण काही लाजिरवाणं करतो आहोत असं ते त्याच्या मनावर बिंबवतं.

"शिक्षकांनी इंजेक्शनं द्यायची का?" प्रश्न रास्त आहे. दहा-बारा वर्षांची बरीच मुलं स्वतः टोचून घेतात; कोणीतरी शेजारी उभं राहून डोस बघितला की पुरे. लहान मुलांसाठी एक-दोन शिक्षकांना शिकवावं लागेल, आणि ते शिकवायला पालक एका पायावर तयार असतात. जबाबदारी नाकारली तरी मूल पाच-सहा तास शाळेतच असतं. अशा वेळी काय करायचं हे कोणालाच माहीत नसणं, हाच सगळ्यात मोठा धोका.

ही मागणी माझ्या एकट्याची नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये राज्यांना लिहून कळवलं आहे की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळेत खाऊ द्यावं. सीबीएसईने 2017 पासून बोर्डाच्या परीक्षेतही त्यांना खाण्याचे पदार्थ आणि पाणी जवळ ठेवू दिलं आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये चालतं ते रोजच्या वर्गात का चालू नये?

पालकांनाही दोन शब्द. बरेच जण आजार शाळेपासून लपवतात, मुलगी असेल तर जास्तच. "उद्या लग्नाचं काय?" पण आजार लपवलेली मुलगी वर्गात घामाघूम होऊन बसली तर तिला साखर द्यायची हे कोणाला सुचणार?

येत्या पालकसभेला एवढं करा. आपल्या डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या: इन्सुलिनचा डोस, वेळ, साखर किती झाली की काय करायचं, फोन नंबर. ते द्यायला वेळ काढणं हे डॉक्टरांचं कामच आहे. ग्लुकोज, बिस्किटं आणि साखर तपासायचं यंत्र असा एक डबा वर्गातच ठेवा, कुलपात नको. सेन्सर मोबाइलला जोडलेला असेल तर मोबाइलची परवानगी लेखी मागा. पीटी, सहल, गॅदरिंग यातून मुलाला वगळू देऊ नका.

आणि मुख्याध्यापकांनो, या पालकांना तुमच्याकडून उपकार नको आहेत. आपलं मूल इतरांसारखं शाळेत बसावं आणि आईने घरी किंवा कामावर निश्चिंत असावं, इतकंच ते मागत आहेत.