सरकारी गाडीला विमा कशाला?

तुमच्या-माझ्या बाइकचा विमा संपला आणि मामाने अडवलं, की दंड ठरलेला. पण शेजारून 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी लावलेली जीप जाते ना, तिला विमा काढण्याचं बंधनच नाही! मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. गाडी केंद्र किंवा राज्य सरकारची असेल आणि धंद्याच्या कामाला वापरत नसतील, तर थर्ड पार्टी विम्यातून सूट.

आता लगेच "यांना सगळं माफ" म्हणून ओरडू नका. गणित तसं बरोबर आहे. ज्याच्याकडे हजारो गाड्या आहेत, त्याने विमा कंपनीला हप्ते कशाला भरायचे? कधीमधी भरपाई स्वतः दिली तरी स्वस्तच पडतं.

माझा आक्षेप पुढेच आहे. एसटीला किंवा महापालिकेला हीच सूट हवी असेल, तर कायदा सांगतो की आधी अपघात भरपाईसाठी वेगळा निधी उभा करा. कलेक्टर कचेरीच्या जीपला मात्र ही अट नाही. म्हणजे हप्ताही नाही आणि गल्लाही नाही. अपघात झाला की फाइल फिरणार.

राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती हा खटला बघा. १९५२ साली उदयपूरच्या कलेक्टरांसाठी ठेवलेली जीप वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन परत येत होती. वाटेत तिने एका पादचाऱ्याला उडवलं आणि तो गेला. मागे बायको आणि लहान मुलगी. सरकारचं म्हणणं काय, तर गाडी सार्वभौम सत्तेच्या कामासाठी आहे, सबब आम्ही जबाबदार नाही! सुप्रीम कोर्टाने हे फेटाळलं, पण १९६२ साली. दहा वर्षांनी, पंधरा हजार रुपये. जबाबदारी कोणाची हे तेव्हा ठरलं. पैसे आधीच बाजूला काढून ठेवायचं अजून राहिलंय.

दुरुस्तीचंही तेच. लॉगबुक ड्रायव्हरकडे, बिलं अकाउंट्सकडे, दावा न्यायाधिकरणात. आमच्या भाषेत सांगायचं तर तीन टेबलं आहेत, पण जॉइन नाही. मग कुठली गाडी स्वतःच्या किमतीपेक्षा जास्त खाते हे कळणार कसं? म्हणून मग सरसकट वयाचा नियम. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द (लष्कर वगैरे अपवाद सोडून). पण आठ वर्षांची जीप दर महिन्याला गॅरेजात पडून असेल, तर तिला हा नियम हात लावत नाही.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. गाडीचा नंबर हीच प्रायमरी की. डिझेल, दुरुस्ती, अपघात, भरपाई, सगळं त्या एका नंबराखाली. आणि विम्याचा जो हप्ता वाचतो, तेवढी रक्कम प्रत्येक खात्याने दरवर्षी निधीत टाकायची. एसटीला जी अट, तीच जीपला.

असो. जीपखाली आलेल्या माणसाच्या घरच्यांनी विमा कंपनीऐवजी सरकारच्या मागे का धावायचं, याचं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. तुम्हाला सापडतंय का बघा.