पकडून सोडलेला बिबळ्या जातो कुठे?



भाताची कापणी उरकली, खळी झाली, थंडी पडू लागली की पनवेलच्या बाजारात एक विषय हमखास निघतो. माथेरानच्या डोंगराकडेच्या कुठल्या तरी वाडीतला कुत्रा रात्रीतून नाहीसा झालेला असतो. कुणी बांधावर पंजाचे ठसे पाहिलेले असतात. मग चहाच्या टपरीवर चार डोकी जमतात आणि ठराव होतो, "पिंजरा लावा, धरा आणि लांब नेऊन सोडा."

ऐकायला हे अगदी रास्त वाटते. जनावराचा जीव वाचला, आपलीही पीडा गेली. पण धरून लांब सोडलेला बिबळ्या पुढे करतो काय? ह्या एका प्रश्नामागे एक बाई वर्षानुवर्षे लागल्या. त्यांना जे उत्तर सापडले ते तुमच्या-आमच्या घराशी, गोठ्याशी आणि अंगणात खेळणाऱ्या पोराबाळांशी निगडित आहे. म्हणून आज त्यांची हकिकत सांगतो.

रानातल्या मोठ्या जनावरांचा अभ्यास म्हटला की आफ्रिका डोळ्यांपुढे येते. जॉर्ज शेलर नावाचे शास्त्रज्ञ आधी आपल्या मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात वाघांमागे हिंडले. पुढे १९६६ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी टांझानियातल्या सेरेंगेटीच्या माळावर सिंहांचा अभ्यास केला. पण तिथे मैलोन्‌मैल गवत आणि हरणांचे कळप. आपल्याकडची गोष्ट निराळी. डॉ. विद्या अत्रेय ह्यांनी आपला अभ्यास मांडला तो उसाच्या फडात, विहिरींच्या काठी आणि वस्त्यांच्या उकिरड्यांशेजारी.

विद्याबाई २००० सालानंतरच्या त्या दिवसांत जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूला राहायला आल्या. तो मुलूख तुम्ही पाहिला असेल. कुकडीच्या धरणांचे पाणी आले आणि जिथे बाजरी-मटकी होत होती तिथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याचे बरे झाले. पण ऊस हा बारा-पंधरा महिने उभा असतो, आत गारवा, आत काळोख, कुणाची ये-जा नाही. बिबळ्याला दुसरे काय हवे? माद्या उसातच विऊ लागल्या. त्या पिल्लांनी जंगल असे कधी पाहिलेच नाही. त्यांचे रान म्हणजे ऊसच.

त्याच सुमाराला जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले होते. लोक भ्यालेले आणि चिडलेले होते. वनखाते बिबळे धरीत होते आणि घाटातल्या जंगलात नेऊन सोडीत होते. फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ ह्या काळात असे २९ बिबळे शेतीच्या भागातून धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. लोकांची मागणी होती आणि खात्याला दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

विद्याबाईंनी काय केले? कोणत्या गावात, कोणत्या तारखेला हल्ला झाला, कोणता बिबळ्या कुठे धरला आणि कुठे सोडला, ह्याच्या नोंदी एकापुढे एक मांडल्या. बिबळे सोडण्याचा क्रम सुरू होण्यापूर्वी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. क्रम सुरू झाल्यावर ते वर्षाला १७ झाले. जिथे बिबळे सोडले, त्याच्या आसपास ते अधिक वाढले आणि त्यांत माणसे दगावण्याचे प्रमाणही वाढले. म्हणजे औषध म्हणून जे दिले, त्यानेच दुखणे वाढले असे दिसते. सहकाऱ्यांसह त्यांनी हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

असे का व्हावे? आपल्या घरातले मांजर आठवा. उपद्रवी मांजर पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडले, तर चार दिवसांनी ते आपल्याच चुलीपाशी हजर होते, हा अनुभव कुठल्या आजीला नाही? बिबळ्या मांजराच्याच जातीचा. त्याचा मुलूख ठरलेला असतो. कुठे पाणी, कुठे लपण, कुठल्या वस्तीवर कुत्री, हे सारे त्याला पाठ असते. पिंजऱ्यात आपटून, दात-नखे मोडून घेऊन, माणसांचा गोंगाट सोसून तो अनोळखी मुलखात उतरला की बिथरतो. तिथले आधीचे बिबळे त्याला टिकू देत नाहीत. तो घराची वाट धरतो आणि वाटेत कधी नव्हे ती माणसाशी गाठ पडते. इकडे त्याची मोकळी झालेली जागा काही मोकळी राहत नाही. चांगल्या खोलीला भाडेकरू मिळावा तसा दुसरा बिबळ्या येतो. आणि तो नवखा असतो, वस्तीची रीत त्याला ठाऊक नसते.

ह्याचा दाखला एका नर बिबळ्याने दिला. २००९ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, टाकळी ढोकेश्वरच्या बाजूला तो विहिरीत पडला. वनखात्याने त्याला बाहेर काढले. विद्याबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच्या गळ्यात उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला. शांत, वयस्कर जनावर म्हणून त्याचे नाव ठेवले 'आजोबा'. त्याला माळशेज घाटात सोडले. आजोबा तिथे राहिला नाही. रात्री चालायचे, दिवसा झुडपात पडून राहायचे, असे करीत कसाऱ्याच्या रेल्वेपासून, महामार्ग ओलांडून, वसईच्या बाजूने खाडी पार करून महिनाभरात तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानात पोचला. सुमारे १२० किलोमीटर! आणि एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला ओरखडा काढल्याची नोंद नाही. पुढे डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. कातडीखाली बसवलेल्या बारीक खुणेच्या चकतीवरून त्याची ओळख पटली. २०१४ मध्ये 'आजोबा' नावाचा मराठी चित्रपट निघाला तो ह्याच कथेवर.

आता अकोल्याकडे वळू. अकोले तालुक्याच्या प्रवरेकाठच्या खोऱ्यात विद्याबाईंनी पुढचा मोठा अभ्यास केला. १७९ चौरस किलोमीटरचा टापू, सारी शेती, जंगल असे नाहीच. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे. पायवाटांवर आणि ओढ्यांच्या कडेला आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. बिबळ्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. त्यावरून मोजदाद होते. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ मोठे बिबळे आणि जवळजवळ तितकीच तरसे तिथे नांदत होती. रात्री माणसे झोपली की ती घरांच्या अगदी जवळून हिंडत, उजाडायच्या आत उसात शिरत. इतके असूनही त्या खोऱ्यात माणसांवरचे हल्ले क्वचितच. आपल्याला ठाऊक नसताना शेजारी राहत होता म्हणा ना!

मग तो खात काय होता? ह्याचेही उत्तर बाईंनी शोधले. बिबळ्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची, त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जनावर ओळखायचे. काम घाणीचे आणि चिकाटीचे. पण त्यातून कळले की त्याच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता. त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण उघड आहे. शेळी संध्याकाळी आत बांधली जाते, कुत्रे मोकळे असते. आणि मोकाट कुत्री कुठे वाढतात? जिथे उकिरडा उघडा, कोंबडीच्या दुकानाची घाण नाल्यात आणि लग्नाच्या उष्ट्या पत्रावळी रस्त्याकडेला. बिबळ्याला आवतण आपणच देतो, हे कडू वाटले तरी खरे आहे.

आता तुम्ही म्हणाल, "शास्त्रज्ञांना बोलायला काय जाते? रात्री बारा वाजता वीज येते तेव्हा उसाला पाणी द्यायला आम्हाला जावे लागते." हे म्हणणे खोटे नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात बिबळ्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले. ज्या घरातले लेकरू गेले त्या घराला आकडे सांगून काय उपयोग? माणसावर सवयीने हल्ला करणारे जनावर धरलेच पाहिजे, त्याविषयी दुमत नाही आणि कायद्यातही तशी तरतूद आहे. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणीही बिबळ्याच्या मुलखात जीव वाचवणारी मागणी आहे. पण ज्याने काही केलेले नाही असा बिबळ्या नुसता दिसला म्हणून धरायचा आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचा, ह्याने पीडा टळत नाही, फक्त गाव बदलते. केंद्र सरकारने २०११ मध्ये बिबळ्यांविषयी ज्या सूचना काढल्या त्यांतही असे धरून सोडणे टाळण्यावर भर आहे.

तेव्हा आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिली गोष्ट गोठ्याची. नुसता कूड पुरत नाही. शेळ्या-करडे बांधायची जागा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद हवी, दाराला कडी हवी. बिबळ्या उडी मारतो आणि झाडावरही चढतो, म्हणून वरचा भाग विसरू नका. कुत्रा राखणीचा असला तरी रात्री त्यालाही आत घ्या.

दुसरी गोष्ट मुलांची. दिवेलागणीनंतर लहान मुलाला एकटे अंगणात, परसात किंवा शेताकडेला सोडू नका. उसाच्या अगदी कडेला घर असेल तर मध्ये थोडी जागा साफ ठेवा. भगिनींनो, बसलेला किंवा वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. म्हणून पहाटे-रात्री परसाकडे उघड्यावर जाणे टाळा, संडास घराजवळ असू द्या. रात्री दारे धरायला जाताना दोघे मिळून जा, बॅटरी आणि घुंगरांची काठी बरोबर ठेवा, बोलत जा.

तिसरी गोष्ट ऊसतोडीची. फडात पिल्ले सापडली की ती उचलून घरी आणू नका, त्यांच्याभोवती जत्रा भरवू नका. काम थांबवा आणि वनखात्याला कळवा. खात्याची माणसे संध्याकाळी पिल्ले त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्रीतून येऊन घेऊन जाते. पिल्ले हरवलेली मादी फार धोक्याची असते, हे ध्यानात असू द्या.

चौथी गोष्ट गर्दीची. बिबळ्या विहिरीत पडला किंवा घरात शिरला की गाव लोटते, दगड पडतात, मोबाइल पुढे होतात. कोंडलेले जनावर वाट फुटेल तिकडे धावते आणि पुढे येणाऱ्याला फाडते. लोकांना मागे हटवा, १९२६ ह्या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा. शेळी-वासरू मारले गेले तर जागा हलवू नका, पंचनामा करून घ्या. भरपाई हा तुमचा हक्क आहे.

बाहेरच्या जगातही वाट ह्याच दिशेने निघाली. केनियात मसाई गुराखी गुरे मारणाऱ्या सिंहांना भाल्याने मारीत. तिथे २००७ पासून मसाई तरुणांनाच सिंहांचे राखणदार नेमले. सिंह कुठे आहे ह्याची ते खबर ठेवतात, गुराख्यांना आधी सावध करतात, मोडके वाडगे दुरुस्त करायला मदत करतात. ज्याची गुरे जातात त्यालाच बरोबर घेतले म्हणून काम पुढे सरकले.

आपल्याकडे ही समज जुनीच आहे. विद्याबाईंच्या सहकाऱ्यांनी मुंबई उपनगर, ठाणे, पालघर ह्या भागांत वाघोबाची दीडशेच्या वर ठाणी नोंदवली, तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वारली मंडळी वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात आणि गुरावासरांची राखण मागतात. शेजारी जबर असला तर त्याच्याशी वागायची एक रीत लागते, हे त्या माणसांनी कधीच ओळखले होते. विद्याबाईंनी त्याला नोंदींचा आणि मोजमापाचा आधार दिला.

तेव्हा ह्या आठवड्यात एक करा. संध्याकाळी गोठ्याभोवती एक फेरी मारा. जाळी कुठे फाटली, कडी कुठे निसटली, उकिरडा कुठे उघडा पडला, ते पाहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले काम तेच उरका.